लॅपटॉपचें मांद्य व त्याची चिकित्सा

मनुष्यास ज्वर आला असतां सुज्ञ वैद्य प्रथम नाडी पाहतो, जीभ पाहतो, काल काय खाल्लें व रात्रीं झोंप कशी लागली हें विचारतो, आणि मगच औषधाची पुडी सोडतो. यंत्रास कांहीं झालें म्हणजे मात्र आपण हा क्रम विसरतों. जो कोणी प्रथम भेटेल त्याचें मत प्रमाण मानून मोकळे होतों. गेल्या कांहीं वर्षांत लॅपटॉप हें यंत्र आमच्या सास्तूर गांवांत व लोहारा तालुक्यांतील इतर गांवांतही अनेक घरीं आलें आहे. कोणी तें सोयाबीनच्या पैशांतून घेतलें, तर कोणी मुलाच्या अथवा मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं हप्त्यांनीं घेतलें. शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाचे अर्ज, परीक्षांचा सराव अशीं सर्व कामें त्यावर चालतात. असें यंत्र एकाएकीं मंदावलें म्हणजे सारें घर चिंतेंत पडतें. “फर्मवेअर अद्ययावत् केल्यापासून लॅपटॉप रखडत चालतो, आतां नवाच घ्यावा लागेल काय?” असा प्रश्न पालक आम्हांस पुष्कळदां विचारतात. त्या प्रश्नाचें सविस्तर उत्तर देणें हा या लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडे एक म्हण आहे : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गांठ. फांदी कावळ्याच्या भारानें तुटली, कीं ती आंतून किडलेलीच होती, हें फांदी हातांत घेऊन पाहिल्यावांचून कळत नाहीं. फर्मवेअरच्या बदलानंतर लॅपटॉप मंदावला, एवढ्यावरून त्या बदलामुळेंच तो मंदावला असें ठरत नाहीं. आणि त्याचा कांहींच संबंध नाहीं असेंही ठरत नाहीं. दोन्ही गोष्टी संभवतात. कोणती खरी हें तपासून पाहतां येतें, आणि त्या तपासणीपैकीं बरीचशी घरच्या घरीं, एक पैसाही न खर्चितां होऊं शकते.

प्रथम फर्मवेअर म्हणजे काय तें पाहूं. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजेच एमकेसीएल ही संस्था २००१ सालीं स्थापन झाली, व तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळें संगणकाचें प्राथमिक ज्ञान खेडोपाडीं पोंचलें. त्यामुळें हार्डवेअर म्हणजे यंत्राचे हातांस लागणारे अवयव, व सॉफ्टवेअर म्हणजे त्यांजकडून काम करवून घेणाऱ्या आज्ञा, हा भेद आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. फर्मवेअर या दोहोंच्या मध्यें आहे. १९६७ सालीं ॲशर ओप्लर या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें हा शब्द प्रथम योजिला. ‘हार्ड’ म्हणजे कठीण, ‘सॉफ्ट’ म्हणजे मऊ, आणि ‘फर्म’ म्हणजे या दोहोंमधील, घट्ट. ज्या आज्ञा यंत्राच्या अवयवांतच एका लहानशा चिपवर कोरून ठेविलेल्या असतात व ज्या वारंवार बदलल्या जात नाहींत, त्यांस आज आपण फर्मवेअर म्हणतों. जुन्या संगणकांत या मुख्य आज्ञांस बायोस असें नांव होतें. नव्या संगणकांत यूईएफआय ही सुधारलेली पद्धति आली आहे. दुरुस्तीच्या दुकानांत दोहोंसही बायोस असेंच म्हणतात.

त्याचें काम शाळेच्या शिपायासारखें आहे. शाळा भरण्यापूर्वीं शिपाई येतो, कुलपें काढतो, वर्ग झाडलेले आहेत कीं नाहींत तें पाहतो, आणि मुख्याध्यापक आले म्हणजे किल्ल्या त्यांच्या हवालीं करतो. आपण लॅपटॉपचें बटन दाबतांच प्रथम फर्मवेअर जागें होतें; स्मृति, डिस्क, कळफलक हे अवयव जागेवर आहेत ना याची झडती घेतें; आणि नंतर विंडोज अथवा लिनक्स या मुख्य व्यवस्थेच्या हातीं कारभार सोंपवितें. परंतु किल्ल्या दिल्यावर शिपाई कांहीं घरीं जात नाहीं. पाणी भरणें, घंटा देणें हीं कामें तो दिवसभर करीतच असतो. तद्वत् पंखा केव्हां व किती वेगानें फिरवावयाचा, बॅटरी किती भरावयाची, यंत्र तापल्यास प्रोसेसरचा वेग किती उतरवावयाचा, या गोष्टी लॅपटॉप चालू असेपर्यंत फर्मवेअरच्याच देखरेखीखालीं चालतात. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. त्याच्या वेगाचा लगाम अशा रीतीनें फर्मवेअरच्या हातीं असल्यामुळें, फर्मवेअर बदललें असतां वेगांत फरक पडणें अशक्य नाहीं, हें प्रारंभींच मान्य केलें पाहिजे.

तसें प्रत्यक्ष घडल्याचें मोठें उदाहरण २०१८ सालचें आहे. त्या वर्षाच्या जानेवारीच्या आरंभीं ‘मेल्टडाऊन’ व ‘स्पेक्टर’ या नांवांचे दोन दोष जगजाहीर झाले. ते गूगल कंपनीचे संशोधक, ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील तंत्रविद्यापीठाचे अध्यापक व इतर कांहीं अभ्यासक यांनीं शोधून काढिले होते. दोष प्रोसेसरच्या रचनेंतच होते. वेळ वाचावा म्हणून आजचे प्रोसेसर पुढील काम कोणतें येईल याचा अंदाज करून तें आगाऊच करून ठेवितात. चतुर गृहिणी पाहुणे येतील असा अंदाज करून पीठ मळून ठेविते, त्यांतलाच हा प्रकार. पाहुणे आले तर वेळ वाचला. न आले तर पीठ झांकून ठेविलें. परंतु शेजाऱ्याची दृष्टि त्या परातीवर गेली, तर या घरीं आज कोणाची तरी वाट पाहिली जात होती हें न सांगतां त्यास कळतें. प्रोसेसरनें आगाऊ करून टाकून दिलेल्या कामाच्या अशाच खुणांवरून दुष्ट प्रोग्रॅमास दुसऱ्याचीं गुपितें ताडतां येत होतीं. तीं झांकण्यासाठीं विंडोजसारख्या व्यवस्थांत आणि फर्मवेअरमध्यें बदल करणें भाग पडलें. आगाऊ कामावर निर्बंध आले, आणि त्या प्रमाणांत वेगही घटला.

किती घटला ? मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ९ जानेवारी २०१८ रोजीं प्रसिद्ध केलेल्या निवेदनाचा सारांश असा कीं, त्या वेळच्या नव्या प्रोसेसरांवर विंडोज १० चालविणाऱ्यांस फरक बहुधा जाणवणार नाहीं. सुमारें २०१५ सालच्या व त्याहून जुन्या यंत्रांवर तो कांहींजणांस जाणवेल. आणि अशा जुन्या यंत्रांवर विंडोज ७ अथवा ८ असल्यास बहुतेकांस जाणवेल. त्याच महिन्यांत, २२ तारखेस, इंटेल कंपनीनें आपला एक फर्मवेअर-बदल तूर्त बसवूं नये असें जाहीर केलें. कारण तो बसविल्यावर यंत्रें आपोआप बंद होऊन पुनः सुरू होत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. पुढें ऑगस्ट २०२३ मध्यें डॅनियल मोघिमी या संशोधकानें ‘डाऊनफॉल’ नांवाचा आणखी एक दोष उजेडांत आणिला. त्यावरील उपायामुळें कांहीं विशिष्ट प्रकारच्या जड गणिती कामांचा वेग शेंकडा ५० पर्यंत घटूं शकतो, असें इंटेलनेंच सांगितलें.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक अशी कीं, पालकांची शंका निराधार नाहीं. दुसरी अशी कीं, ही घट मुख्यतः जुन्या यंत्रांत अथवा विशेष कामांत जाणवते. निबंध लिहिणें, अर्ज भरणें, व्याख्यानाचें चलच्चित्र पाहणें असल्या नित्याच्या कामांत ती थोडी असते. म्हणून पूर्वीं एका मिनिटांत सुरू होणारा लॅपटॉप आतां दहा मिनिटें घेत असेल, तर केवळ सुरक्षेच्या उपायांवर बोट ठेवून थांबूं नये. कारण बहुधा दुसरें असतें, व पुष्कळदां तें दूर करतां येण्यासारखें असतें.

या ठिकाणीं आमच्या गांवाच्या अनुभवाची आठवण देणें अप्रस्तुत होणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानें सास्तूर व आसपासचीं गांवें उद्ध्वस्त केलीं. त्या महान् दुःखाशीं यंत्राच्या क्षुल्लक व्याधीची तुलना करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. विचार करण्याची रीति तेवढी घ्यावयाची आहे. पडलेल्या घरांची पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनीं ‘धरणी हालली म्हणून घरें पडलीं’ एवढ्यावरच समाधान मानलें नाहीं. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील माळवदांचा अवजड भार, या पूर्वींपासूनच्या दुबळेपणाकडे त्यांनीं बोट दाखविलें. धक्का निराळा आणि दुबळेपणा निराळा. अनर्थ दोहोंच्या संयोगानें होतो. लॅपटॉपच्या बाबतींतही फर्मवेअरचा बदल हा पुष्कळ वेळां केवळ धक्का असतो. धुळीनें चोंदलेला पंखा, थकलेली बॅटरी, निकृष्ट चार्जर, भरून गेलेली डिस्क हा दुबळेपणा आधींच्याच काळांतला असतो.

आतां तपासणीच्या क्रमाकडे वळूं. आरंभीं एक वही घ्यावी. बदल कोणत्या तारखेस झाला, मंदपणा केव्हां जाणवूं लागला, कोणतें काम करतांना जाणवतो, हें तींत लिहावें. विंडोजमध्यें ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या नांवाचें पान उघडलें असतां बायोसची आवृत्ति व तिची तारीख तेथें दिसते. तीही उतरून घ्यावी. तसेंच विंडोजच्या ‘अपडेट हिस्टरी’ या यादींत त्याच दिवशीं आणखी काय काय बदललें हें पाहावें. फर्मवेअर पुष्कळदां विंडोजच्या इतर बदलांबरोबरच येतें. दोष त्या दुसऱ्याचा व बोल फर्मवेअरला, असा अन्याय होऊं नये.

नंतर ‘रीस्टार्ट’ ही आज्ञा देऊन यंत्र पुनः सुरू करावें आणि चार्जर लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. विंडोजमध्यें ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल तर ‘शट डाऊन’ केल्यानें यंत्र पूर्णपणें झोंपत नाहीं. ‘रीस्टार्ट’ केल्यानेंच सर्व कांहीं नव्यानें सुरू होतें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. मोठ्या बदलानंतर विंडोज पडद्याआड बरींच कामें उरकीत असतें. फायलींची सूची नव्यानें करणें, विषाणूंचा शोध घेणें, राहिलेले भाग उतरवून घेणें हीं तीं कामें होत. तीं संपलीं म्हणजे पुष्कळ लॅपटॉप आपोआप पूर्ववत् होतात.

दोन दिवसांनंतरही मंदपणा राहिला, तर ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां तो उघडतो. हीच लॅपटॉपची नाडी होय. तेथें प्रोसेसर, स्मृति व डिस्क यांचे शेंकडेवारीचे रकाने दिसतात. स्मृतीचा रकाना शंभराच्या जवळ अडकला असेल, तर एकाच वेळीं फार प्रोग्रॅम उघडे आहेत, अथवा यंत्राची स्मृति आजच्या कामांस अपुरी आहे. डिस्कचा रकाना सारखा शंभरावर असेल, तर डिस्क जुन्या फिरत्या पद्धतीची आहे काय, ती भरत आली आहे काय, अथवा निकामी होत चालली आहे काय, तें पाहावें. या तिन्ही प्रसंगीं फर्मवेअरकडे संशयानें पाहण्याचें फारसें कारण उरत नाहीं. डिस्क निकामी होत असल्याचा संशय येतांच, दुसरें कांहीं करण्यापूर्वीं महत्त्वाचे कागद व छायाचित्रें दुसऱ्या ठिकाणीं उतरवून ठेवावीं.

याच टास्क मॅनेजरमध्यें ‘परफॉर्मन्स’ या पानावर प्रोसेसरचा चालू वेग गिगाहर्ट्झ या मापांत दिसतो, व शेजारीं त्याचा ‘बेस स्पीड’ म्हणजे मूळ वेगही दिलेला असतो. लॅपटॉपला कांहीं जड काम लावून हा आंकडा पाहावा. काम जोरांत असूनही वेग मूळ वेगाच्या पुष्कळ खालीं, उदाहरणार्थ ०.४ अथवा ०.८ या आंकड्यापाशीं खिळून राहिला असेल, तर कोणीतरी लगाम ओढून धरिला आहे हें निश्चित. हा लगाम ओढणारे तीन प्रमुख संशयित आहेत : चार्जर, उष्णता आणि वीज-बचतीची योजना.

चार्जरपासून आरंभ करावा. कांहीं लॅपटॉप आपला चार्जर ओळखतात. ओळख पटली नाहीं, अथवा चार्जरची शक्ति कमी भरली, तर फर्मवेअर सावधगिरी म्हणून प्रोसेसरचा वेग एकदम उतरवितें, आणि कधीं कधीं बॅटरी भरणेंही थांबवितें. मूळ चार्जर बिघडल्यावर बाजारांतून स्वस्तांतला आणिला असेल, अथवा त्याची पिन सैल झाली असेल, तर असें होऊं शकतें. आणि नव्या फर्मवेअरनें ही ओळख अधिक कडक केली असेल, तर काल चाललेला चार्जर आज नापास होऊं शकतो. परीक्षा सोपी आहे. बॅटरी चांगली भरलेली असतांना चार्जर काढावा व वेगाचा आंकडा पाहावा. तो चढला, तर चार्जर अथवा त्याचें जोडणीचें टोंक संशयित ठरतें. मग त्याच जातीचा व तितक्याच वॅटचा दुसरा चार्जर कोणाकडून थोडा वेळ मागून घेऊन खात्री करावी. बॅटरीकडेही एकदां पाहावें. कळफलक अथवा तळ फुगून वर आलेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे असें समजावें. अशी बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, तिच्यावर चार्जर लावूं नये. यंत्र बंद करून तें जाणत्या कारागिराकडे न्यावें. तींतून आग लागण्याचें भय असतें.

दुसरा संशयित म्हणजे उष्णता. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. आणि पत्र्याच्या छपराखालीं गादीवर अथवा गोधडीवर ठेविलेल्या लॅपटॉपचा तर श्वासच कोंडतो. यंत्र फार तापलें म्हणजे स्वतःस वांचविण्यासाठीं तें वेग उतरवितें. हा दोष नव्हे, तें संरक्षण आहे. नव्या फर्मवेअरनें उष्णतेची मर्यादा खालीं आणिली असेल, अथवा पंख्याचें वेळापत्रक बदललें असेल, तर पूर्वीं न जाणवणारी धूळ आतां जाणवूं लागते. याची परीक्षा मुलांनींही करावी. पहाटे थंड वेळीं एक ठराविक काम करून त्यास लागलेला वेळ वहींत लिहावा, आणि तेंच काम भर दुपारीं पुनः करावें. पहाटे वेग ठीक व दुपारीं मंद, अथवा पहिलीं पंधरा मिनिटें ठीक व नंतर मंद, असें आढळलें तर उष्णता हेंच कारण समजावें. मग लॅपटॉप सपाट फळीवर ठेवावा, त्याच्या तळाच्या झरोक्यांखालीं वारा खेळूं द्यावा, आणि कारागिराकडून आंतील धूळ काढवावी. यंत्र जुनें असल्यास प्रोसेसरवरील उष्णता वाहून नेणारा लेप वाळलेला असतो; तोही नवा घालून घ्यावा. अशा साफसफाईस नव्या लॅपटॉपच्या मानानें अगदीं थोडा खर्च येतो.

तिसरा संशयित वीज-बचतीची योजना. फर्मवेअर बदलल्यावर त्यांतील कांहीं मांडणी मूळ स्थितीस जाते; आणि कंपनीच्या मदतनीस प्रोग्रॅमांतील ‘शांत’ अथवा ‘बचत’ हा प्रकार नकळत निवडला जाऊं शकतो. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्यें ‘पॉवर’ या सदराखालीं योजना कोणती आहे हें पाहून ती ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर न्यावी व फरक पडतो कीं काय तें पाहावें. तसेंच लॅपटॉप बंद करून व चार्जर काढून, सुरू करावयाचें बटन सुमारें अर्धा मिनिट दाबून धरावें. त्या योगें यंत्रांत राहिलेला विजेचा अवशेष निघून जातो, आणि बॅटरी व पंखा पाहणारा लहान नियंत्रक कांहीं यंत्रांत नव्यानें सुरू होतो. कधीं कधीं एवढ्यानेंच काम होतें.

इतकें करूनही उलगडा न झाल्यास, दोष विंडोजमध्यें आहे कीं त्याच्या खालीं आहे हें ठरविणारी एक निर्णायक परीक्षा आहे. लिनक्स ही व्यवस्था फुकट मिळते, व ती पेन ड्राईव्हवर ठेवून लॅपटॉपमध्यें न बसवितां नुसती चालवून पाहतां येते. संगणक शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची मदत घेऊन ही परीक्षा करावी. मात्र ती बसविण्याची आज्ञा चुकूनही देऊं नये. लिनक्समध्यें यंत्र चपळ चाललें, तर दोष विंडोजमध्यें अथवा डिस्कमध्यें आहे. मग कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या यंत्राचे नवे ड्रायव्हर घेऊन बसवावे, अथवा सारें सामान दुसरीकडे ठेवून विंडोज नव्यानें घालावें. लिनक्समध्येंही तें रखडलें, तर दोष फर्मवेअर, चार्जर, उष्णता अथवा एखादा अवयव यांपैकीं कोठें तरी आहे. चार्जर व उष्णता आपण आधींच पारखलीं असल्यामुळें आतां फर्मवेअरवरील संशय खरोखर बळावतो.

अशा वेळीं काय करावें ? प्रथम फर्मवेअरच्या मांडणींत जाऊन ‘लोड डिफॉल्ट्स’, म्हणजे मूळ मांडणी आणण्याची आज्ञा द्यावी. तेथें जाण्याची कळ निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी असते. एफ २, एफ १० अथवा डिलीट या त्यांतल्या नेहमींच्या. आज्ञा देण्यापूर्वीं त्या पानांचीं छायाचित्रें मोबाईलनें काढून ठेवावीं. त्यानें भागलें नाहीं, तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या यंत्राचा नेमका मॉडेल-क्रमांक घालून, दोष सुधारलेली नवी आवृत्ति आली आहे काय हें पाहावें. नवी नसेल तर जुनीकडे परत जाण्याची मुभा आहे काय हें पाहावें. कांहीं कंपन्या ती देतात. कांहीं सुरक्षेसाठीं देत नाहींत. दुसऱ्याच मॉडेलचें, अथवा भलत्याच ठिकाणाहून उतरविलेलें फर्मवेअर कदापि घालूं नये.

फर्मवेअर बदलण्याचें काम चालू असतां वीज गेली, तर चिपवरील लेख अर्धवट राहतो, आणि यंत्र पुनः जागेंच होत नाहीं असें होऊं शकतें. आमच्याकडे वळवाचा वारा सुटला कीं वीज जाते, हें सांगावयास नको. म्हणून आकाश निरभ्र असतां, बॅटरी पूर्ण भरलेली व चार्जर लावलेला असतांनाच हें काम हातीं घ्यावें. मध्यें पडदा काळा होईल, यंत्र दोन-तीनदां आपोआप बंद होऊन सुरू होईल. तरी घाबरून बटन दाबूं नये. विंडोजची ‘बिटलॉकर’ ही कुलपाची सोय चालू असेल, तर तिचा लांबलचक आंकडी संकेत आधींच कागदावर लिहून ठेवावा. कारण फर्मवेअर बदलल्यावर विंडोज तो मागूं शकतें, आणि तो न मिळाल्यास स्वतःचेच कागद स्वतःस उघडतां येत नाहींत. परीक्षेच्या अथवा अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशीं हें काम करूं नये, हें तर उघडच आहे.

येथें कोणी म्हणेल, एवढी यातायात करण्यापेक्षां अद्ययावत् करणेंच सोडून दिलें तर ? हा उपाय रोगाहून वाईट आहे. वर सांगितलेल्या दोषांवर चोरांचें लक्ष असतें. आणि ज्या लॅपटॉपवर आपण बॅंकेचा व्यवहार करतों, मुलांचे दाखले ठेवितों, त्याचें दार उघडें टाकणें शहाणपणाचें नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ला मिळणारा नित्याचा फुकट सुरक्षा-पुरवठा संपला. तेव्हां ज्यांचीं यंत्रें जुनीं आहेत त्यांनीं तर या बाबतींत अधिकच जागरूक राहिलें पाहिजे.

सर्व परीक्षेंत एक नियम मात्र अभंग पाळावा : एका वेळीं एकच बदल. चार्जरही बदलला, विंडोजही नव्यानें घातलें व धूळही काढली, आणि लॅपटॉप सुधारला, तर तो कशानें सुधारला हें कळत नाहीं. पुढील खेपेस पुनः तिन्हींचा खर्च करावा लागतो. प्रत्येक बदलानंतर तेंच ठराविक काम करून लागलेला वेळ वहींत मांडावा. विज्ञानाच्या तासास आपण एकच घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवितों व प्रयोगवहींत निरीक्षण लिहितों, ती रीति याच कामासाठीं आहे.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. उमरगा अथवा लातूर येथें लॅपटॉप दुरुस्तीस नेण्याची पाळी आलीच, तर ती वही बरोबर न्यावी. “मंद चालतो, पाहा” एवढेंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकास “मदरबोर्ड गेला” असें उत्तर मिळालें, तर त्यास प्रतिप्रश्न करतां येत नाहीं. परंतु “चार्जर काढला कीं वेग चढतो, दुपारीं व पहाटे सारखाच असतो, लिनक्समध्येंही रखडतो” असें ज्याला सांगतां येतें, त्याच्यापुढें प्रामाणिक कारागिराचें काम हलकें होतें, व अप्रामाणिकाचें धाडस होत नाहीं. मोठा अवयव बदलण्याची सूचना झाली, तर कोणत्या मापावरून ती केली हें नम्रपणें विचारावें, आणि काढलेला अवयव परत मागून घ्यावा. लॅपटॉप हमीच्या मुदतींत असेल, तर तो इतरत्र उघडण्यापूर्वीं कंपनीच्या सेवाकेंद्राशीं बोलावें.

असो. लेख लांबला, परंतु ज्या घरीं एका हंगामाची मिळकत एका यंत्रांत गुंतलेली असते, त्या घरच्यांस चार पानांची वही व दोन दिवसांचा धीर हें मोल फार वाटूं नये. विद्यार्थ्यांनीं या कामीं वडिलांचे सहाय्यक व्हावें, आणि आजच एक काम करून ठेवावें : लॅपटॉप चांगला चालत असतांनाच तो सुरू होण्यास किती वेळ लागतो, प्रोसेसरचा वेग किती दिसतो व बायोसची आवृत्ति कोणती आहे, हे तीन आंकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. निरोगी माणसाची नाडी ज्यानें पाहून ठेविली आहे, त्यालाच ज्वर ओळखतां येतो.